फावल्या वेळातले उद्योग : दोन कंसांची गोष्ट



गेल्या अंकात आम्ही तळघरात वाढवलेल्या अळूविषयी लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच वाचकांचे फोन आले, दोघांनी कंद मागितले आणि एका काकूंनी "तुमच्या अळूला खाज आहे का हो?" असं थेट विचारलं. या वेळचा विषय अळूइतका चविष्ट नाही, पण खाज मात्र त्याच जातीची आहे. विषय आहे संगणकाच्या ड्रायव्हरमधले इशारे. ड्रायव्हर म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींना मंडळाच्या सहलीची बस आठवली, तेव्हा आधी थोडा खुलासा करतो. ज्यांनी जन्म याच धंद्यात घालवला त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद चहा घेत चाळावेत.

संगणकाच्या पोटात प्रिंटर, नेटवर्क, आवाज, मोजमाप अशा कामांची निरनिराळी कार्डं असतात. प्रत्येक कार्डाची बोली वेगळी. मुख्य कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तिला या सगळ्या बोली येत नाहीत. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवतात, तो ड्रायव्हर. तो बहुधा सी नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. ती भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास इथेच, न्यू जर्सीत बेल लॅब्जमध्ये घडवली. आमच्या पिढीतल्या अनेकांनी तिच्याच जोरावर विमानाचं तिकीट काढलं.

या सीमध्ये पॉइंटर नावाची एक चीज आहे. पॉइंटर म्हणजे पत्ता. वस्तू नव्हे, वस्तू कुठे ठेवली आहे ते लिहिलेली चिठ्ठी. "फडताळात वरच्या फळीवर, निळ्या डब्यात" ही चिठ्ठी झाली, डब्यातला लाडू नव्हे. आता गंमत अशी, की यंत्राच्या लेखी पत्ता हाही शेवटी एक आकडाच. सीच्या आधीच्या बी नावाच्या भाषेत तर असा भेदच नव्हता. सगळं एकाच मापाच्या शब्दात ठेवायचं, मग तो पत्ता असो की लाडवांची संख्या. रिचींनी सीमध्ये प्रकार आणले. हा पूर्णांक, हे अक्षर, हा पूर्णांकाचा पत्ता, हा अक्षराचा पत्ता. पण जुनी सवय पूर्ण मोडली नाही. पत्त्याला आकडा म्हणायचं असेल तर सी म्हणते, "कंसात प्रकाराचं नाव लिहा, मी हरकत घेत नाही." या कंसाला आम्ही लोक कास्ट म्हणतो. त्याचा सरळ अर्थ असा : "मला माहीत आहे मी काय करतोय, तू गप्प बस."

आणि हे गप्प बसायचं कुणी? तर कंपायलरने. आमचं लिखाण यंत्राच्या भाषेत आणणारा हा कारकून फार शिस्तीचा. चूक धडधडीत असेल तर काम बंद करतो. संशय असेल तर इशारा छापतो आणि पुढे जातो. त्या इशाऱ्यांपैकी एक आमच्या आयुष्याला चिकटला. त्याचं मराठी साधारण असं होईल : "पत्त्याचा आकडा करताय, पण दोघांची मापं वेगळी आहेत."

मापं वेगळी का? आम्ही १९९७ मध्ये पहिला ड्रायव्हर लिहिला, तेव्हा पीसीवर पत्ताही ३२ बिटांचा आणि साधा पूर्णांकही ३२ बिटांचा. ३२ बिटांत ४२९ कोटींच्या वर पत्ते मावतात, म्हणजे ४ गिगाबाइट. तेव्हा ते कुबेराचं धन वाटे. पत्ता पूर्णांकात ठेवा नाहीतर पूर्णांक पत्त्यात, एकाच घरातल्या दोन खोल्या. आमच्या बॉस्टनजवळच्याच डिजिटल कंपनीने १९९२ मध्ये ६४ बिटांचा आल्फा बाजारात आणला होता आणि १९९५ मध्ये लिनक्सची १.२ आवृत्ती आल्फावर चालू लागली होती. पण आमच्यासारखे पीसीवाले ते शेजारच्या घरातलं लग्न असावं तसं लांबून पाहत होते. मग एप्रिल २००३ मध्ये एएमडीचं ऑप्टेरॉन आलं आणि ६४ बिटं आमच्याच दारात उभी राहिली. लिनक्सवर नवा नियम असा : पत्ता ६४ बिटांचा, लाँग नावाचा मोठा पूर्णांक ६४ बिटांचा, पण साधा पूर्णांक ३२ चाच राहिला.

हे काय प्रकरण आहे ते परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं समजावायला नको. आपल्या सहस्रबुद्धे, कुलकर्णी-देशपांडे मंडळींनी इथल्या फॉर्मवर नाव लिहिलंय ना? चौकटी संपतात, नाव उरतं. कारकून उरलेलं नाव सरळ टाकून देतो आणि जन्मभर माणूस "सहस्रबु" म्हणून पत्रं घेतो. तिथे निदान हसून सोडता येतं. पत्त्याचं मात्र तसं नाही. ६४ बिटांचा पत्ता ३२ च्या चौकटीत कोंबला, की वरचा अर्धा भाग गळतो. म्हणजे घर नंबर आणि गल्ली राहते, गावाचं नाव जातं. "१२, मारुती गल्ली" प्रत्येक गावात आहे. पत्र कुठे जाईल ते पोस्टमनच्या नशिबावर.

आता मुख्य कथा. आम्ही तेव्हा मोजमापाची कार्डं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. यंत्राची कंपनं, तापमान, दाब हे सगळं टिपून संगणकात आणणारं कार्ड. २००४ मध्ये हुकूम आला, की ड्रायव्हर ६४ बिटांवर चालला पाहिजे, शुक्रवारपर्यंत. आम्ही कंपायलर चालवला. दोनशेच्या वर इशारे पडदाभर धो धो कोसळले. प्रत्येकाचं म्हणणं तेच, मापं वेगळी आहेत.

एकेक इशारा घेऊन विचारायला हवं होतं, की बाबा, इथे हा पत्ता मुळात आकड्यात का ठेवलाय? त्याला लागले असते दोन आठवडे. आमच्या हातात होते तीन दिवस. पण कारकुनाला गप्प करायची एक युक्ती आम्हाला ठाऊक होती. पत्त्याचा एकदम छोटा आकडा केला तर तो ओरडतो. पण आधी एक कंस टाकून लाँग करा, मग दुसरा कंस टाकून छोटा करा, की त्याची तक्रार नाही. पहिल्या पायरीत मापं जुळतात आणि दुसऱ्या पायरीत आकड्याचा आकडाच होतो, त्यात त्याला वावगं दिसत नाही. वरचा अर्धा भाग मात्र गळतो तो गळतोच. आम्ही संपादकाला शोध-आणि-बदल सांगितलं, दोन कंस सगळीकडे टाकले आणि गुरुवारी दुपारीच पडदा स्वच्छ झाला. चाचणी घेतली, ती पास. शुक्रवारी साहेबांनी पिझ्झा मागवला.

पुढच्या वर्षी एका ग्राहकाची तक्रार आली. छोटी मोजमापं ठीक, मोठी घेतली की सगळी शून्यं. ते काम आमच्याकडे नव्हे, सांगलीहून नुकत्याच आलेल्या एका मुलाकडे गेलं. हुशार पोरगा, व्हिसा कंपनीच्या हातात, त्यामुळे "नाही" म्हणायची सोय नाही. त्याने केबल बदलल्या, कार्डं बदलली, सेन्सर बदलले. एक आठवडा गेला, दोन गेले. बहिणीच्या लग्नाला जायचं तिकीट त्याने आधी पुढे ढकललं आणि मग रद्द केलं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "काका, एक विचित्र दिसतंय. १२८ किलोबाइटच्या खाली सगळं नीट, वर गेलं की शून्य."

आम्हाला तिथल्या तिथे घाम फुटला. कारण लिनक्सवर प्रोग्रामने थोडी जागा मागितली की ती जवळच्या ढिगातून मिळते, आणि त्या काळी त्या ढिगाचे पत्ते खालचे, ३२ बिटांत मावणारे असत. १२८ किलोबाइटच्या वर मागितली की वेगळी व्यवस्था लागते आणि जागा फार वरच्या पत्त्यावर मिळते. आमचा ड्रायव्हर ग्राहकाच्या प्रोग्रामचा पत्ता एका छोट्या आकड्यात जपून ठेवत होता. खालचा पत्ता असेल तर गळायला काही नव्हतंच. वरचा असेल तर गावाचं नाव गेलं. कार्ड इमानदारीने मोजत होतं, ड्रायव्हर भलत्याच पत्त्यावर ते पोचवायला जात होता, तिथे दार बंद होतं, आणि "पोचलं नाही" हा निरोप ऐकायची तसदीही आम्ही घेतली नव्हती. ग्राहकाच्या हाती कोरा कागद. आमच्या चाचणीचा डबा होता ६४ किलोबाइटचा. मग ती पास होणारच!

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. साहेबांना आम्ही सांगितलं, "पोर्टिंगच्या वेळी एक चूक राहून गेली होती." मराठी व्याकरणात ज्याला कर्ताच लागत नाही अशी ती वाक्यरचना इंग्रजीतही फार छान बसते. चूक राहून गेली होती. कुणी ठेवली? कुणीच नाही. त्या मुलाच्या वर्षअखेरीच्या शेऱ्यात "साध्या दोषाला तीन आठवडे" असं लिहिलं गेलं, ते आम्हाला ठाऊक होतं. आम्ही गप्प बसलो. आणि उरलेले दोनशे जोडकंस होते तिथेच राहिले.

आता चालू काळात येऊ. ती कंपनी कधीच बंद पडली. जाता जाता कुणीतरी ड्रायव्हरचं लिखाण सर्वांना खुलं करून ठेवलं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आमची धाकटी कन्या विद्यापीठात यंत्रांच्या कंपनांवर काम करते. तिच्या प्रयोगशाळेच्या तळघरात आमचंच जुनं कार्ड निघालं. नवं घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा "बाबा, तुमचा ड्रायव्हर चालत नाहीये" असा फोन गेल्या हिवाळ्यात आला. शनिवारी ती घरी आली, आम्ही तळघरात अळूशेजारी टेबल मांडलं आणि कंपायलर चालवला.

मधल्या वर्षांत कारकून बराच कडक झालाय. २०२१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीच्या वेळी "इशारा म्हणजेच चूक" हा पर्याय पुढे आणला. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने तर न जुळणाऱ्या पॉइंटरना मूलतःच चूक ठरवलं. आता नुसतं नाक मुरडत नाहीत, सरळ दार लावतात. आमच्या ड्रायव्हरला पहिला अडथळा आला तो घड्याळाचा. जुन्या पद्धतीत ठरावीक वेळाने स्वतःला हाक मारून घ्यायची असली, की आपल्या वस्तूचा पत्ता लाँग आकड्यात बदलून द्यायचा आणि हाक आली की तो परत पत्ता करायचा. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत ही पद्धत बदलली. आता घड्याळाचाच पत्ता, त्याच्या खऱ्या प्रकारासकट मिळतो आणि त्यावरून आपली वस्तू शोधायची. आकड्याचं सोंग घ्यायची गरजच संपली. कन्येने ते तासाभरात केलं.

मग कार्ड चालू झालं, पण मोजमापं वेडीवाकडी. कार्डाला सुरुवातीला एक तक्ता पाठवावा लागतो, कोणत्या व्होल्टेजचा अर्थ काय हे सांगणारा. तो पोचतच नव्हता. तक्ता लहान, चार किलोबाइटचासुद्धा नाही. २००५ मध्ये हा व्यवस्थित चालत असे, तेव्हा आमचं म्हणणं पडलं की कार्डच म्हातारं झालंय. कन्या म्हणाली, "बाबा, इथे दोन कंस कशाला टाकलेत?"

हेच ते. उरलेल्या दोनशेंपैकी एक. हल्ली बहुतेक लिनक्समध्ये सुरक्षिततेसाठी प्रोग्राम मुळातच वरच्या, दर वेळी बदलणाऱ्या पत्त्यावर बसवतात. त्यामुळे तो खालचा ढीगही वर गेला. २००५ मध्ये जे नशिबाने तरलं होतं ते आता पहिल्याच फटक्याला बुडालं. चूक तीच, फक्त तिची पाळी वीस वर्षांनी आली.

मग आम्ही दोघांनी पाच शनिवार घालून सगळे जोडकंस एकेक करून काढले. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो, कारण मंडळातल्या निम्म्या मुलांच्या हातात आज हाच धंदा आहे.

पहिलं, इशारा दिसला की कंसाकडे हात न नेता आधी विचारायचं : ही चीज मुळात आहे काय? पत्ता, संख्या, की नुसती ओळखीची खूण? पत्ता असेल तर ठेवण्याची जागाच पत्त्याच्या प्रकाराची करा. दुरुस्ती मुळाशी, जिथे नाव घोषित होतं तिथे, फांदीवर नको. मुळाशी एक शब्द बदलला आणि आमचे अकरा कंस आपोआप गळून पडले.

दुसरं, पत्ता आकड्यात ठेवणं खरोखरच भाग असेल, तर लिनक्समध्ये अनसाइन्ड लाँग घ्या, कारण त्यात पत्ता पुरता मावतो. पण लिनक्सबाहेर ही सवय नेऊ नका. विंडोजच्या ६४ बिटांत लाँग अजून ३२ चाच आहे. तिथे खास पत्त्याच्या मापाचा पूर्णांक वापरावा, १९९९ च्या सीच्या प्रमाणात तो दिलेला आहे. ३२ आणि ६४ अशा दोन्ही प्रोग्रामांशी बोलायचं असेल, तर मधल्या कागदावर सरळ ६४ बिटांची चौकट आखा.

तिसरं, पत्त्यांतही जाती आहेत, आणि हे आम्हाला आजीच्या सोवळ्यावरून चटकन कळलं. आजी सोवळ्यात असली की बाहेरून आलेली वस्तू थेट हातात घेत नसे. खाली ठेवा, पाणी शिंपडा, मग ती उचलणार. कारभाऱ्याचंही तसंच. बाहेरच्या प्रोग्रामने दिलेला पत्ता थेट वापरायचा नाही. तो तपासून नक्कल करणारी ठरलेली माणसं आहेत, त्यांच्यामार्फतच. कार्डावरच्या जागेचा पत्ता असेल तर त्यालाही थेट शिवायचं नाही. वाचायची आणि लिहायची वेगळी ठरलेली साधनं आहेत. सीला हे सोवळं कळत नाही, तिला सगळे पत्ते सारखे. म्हणून टॉरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये स्पार्स नावाचा एक तपासनीस लिहिला. पॉइंटरवर "हा बाहेरचा", "हा कार्डाचा" अशी खूण करायची, मग कुठे विटाळ झाला ते तो सांगतो. आमच्या ड्रायव्हरवर चालवला तर एकोणीस ठिकाणी झाला होता. आजी असती तर पूर्ण ड्रायव्हर धुवायला काढला असता.

चौथं, निरोप ऐका. "पोचलं नाही" असं कुणी सांगत असेल तर ते ऐकून वर कळवा. त्या वेळी तेवढं केलं असतं, तर त्या मुलाला पहिल्याच दिवशी चूक दिसली असती.

खरं सांगायचं तर दोनशेंतले बहुतेक कंस निरुपद्रवी निघाले. नुसतं पत्ता छापण्यासाठी टाकलेले, नाहीतर खूण म्हणून ठेवलेले. खरे घातक तीन. पण ते तीन कोणते, हे दोनशे तपासल्याशिवाय कळत नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांचीच तोंडं एका मापाने बंद केल्यामुळे तर मुळीच नाही.

पाचव्या शनिवारी इशारे शून्य झाले, या वेळी खरोखरचे शून्य. कन्या खूश होऊन गेली. आम्ही मात्र तळघरात बसून राहिलो. मग वर आलो आणि सांगलीच्या त्या मुलाला फोन लावला. मुलगा कसला, आता पन्नाशीकडे आलाय, सिअ‍ॅटलला असतो, बऱ्याच लोकांचा साहेब आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आम्ही एकदाचं, कर्त्यासकट, सांगितलं : "अरे, २००५ ची ती चूक मी केली होती. आणि मी बोललो नाही."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मला तेव्हाच माहीत होतं. फाईलच्या इतिहासात प्रत्येक ओळीपुढे नाव असतं ना. तुमचं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," तो म्हणाला. पुढे काही रागाचं बोलला नाही. बहिणीला आता दोन मुलं आहेत, मोठा कॉम्प्युटरलाच आहे, एवढं सांगितलं. लग्नाचे फोटो त्याने पाहिलेत, पण तो त्यात नाही, हे आमचं आम्हीच समजून घेतलं.

सौभाग्यवतींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वीस वर्षं लागली होय तुम्हाला?" त्यांनाही साध्या दोषाचा वेळ मोजता येतो.

असो. तरुण वाचकांना एवढीच विनंती, की पडद्यावर पिवळी ओळ दिसली आणि शुक्रवार जवळ आला असला, तरी कंस टाकण्याआधी एक घोट चहा घ्या आणि ती ओळ पूर्ण वाचा. वेळ नसेलच, तर निदान शेजारी स्वतःच्या नावाने टीप लिहून ठेवा, की हे मी तपासलेलं नाही. पुढे येणारा कुणीतरी तुमचे तीन आठवडे वाचवल्याचे आभार मानेल.

पुढच्या अंकात पुन्हा अळूकडे वळू. कंद मागितलेल्यांनी मंडळाच्या पिकनिकला पिशवी आणावी. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.